मधमाश्यांची रंगीत दारं

सिंगापुरात पासिर रिसच्या कम्युनिटी क्लबात शनिवारी सकाळी मातीकामाचा वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेक बायकाच, बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या, आणि जवळजवळ सगळ्यांना वाट्या नाहीतर फुलदाण्या करायच्या असतात. नीलिमा सबनीसनेही सुरुवातीला वाट्याच केल्या. हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसातली नोकरी सोडल्यावर हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून ती तिथे जायला लागली होती. मग एका शनिवारी तिने मातीची जाडसर पोळी लाटली, ताटलीएवढी गोल कापून घेतली आणि खालच्या कडेजवळ बोट जाईल एवढं भोक पाडलं.

शिकवणाऱ्या मिसेस लिम तिच्या टेबलाशी येऊन थबकल्या. "ही प्लेट? मग सगळी आमटी खाली गळेल की."

"प्लेट नाही, दार आहे," नीलिमा म्हणाली. "मधमाश्यांच्या घराचं. मी लहानपणी जिथे राहायचे तिथे अशी असायची."

"इंडियात?"

"इराणमध्ये."

आजूबाजूच्या दोघीतिघींनी माना वर केल्या. सिंगापुरात कोण कुठून आलंय याचं कुणाला फारसं नवल नसतं, पण पुण्याकडची ही बाई इराणचं नाव घेते म्हटल्यावर त्यांनाही ऐकावंसं वाटलं. आणि नीलिमाला सांगायला आवडायचंच. ती वडिलांची मुलगी होती.

तिचे वडील, म्हणजे अप्पा, डॉक्टर मनोहर वाळिंबे, सत्तरच्या दशकात इराणला गेले. तिकडच्या सरकारला खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांसाठी डॉक्टर हवे होते आणि हिंदुस्थानातून पुष्कळजण जात होते. अप्पांना इस्फहानच्या पश्चिमेला डोंगरातलं एक गाव मिळालं. पांढऱ्या सालीच्या उंच झाडांच्या रांगा, मातीची घरं, पाण्याचा अखंड वाहता पाट, आणि दवाखान्यामागच्या घराला लागून तूबाखानम नावाच्या विधवा बाईची बाग. नीलिमा तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिथून निघाली तेव्हा नऊ.

त्या बागेच्या टोकाला मधमाश्यांची भिंत होती. मातीची लांबट नळकांडी, ढोलकीपेक्षा थोडी मोठी, आडवी ठेवून एकावर एक रचलेली. मधल्या फटी चिखलाने लिंपलेल्या. प्रत्येक नळकांड्यात एक पोळं. मागची बाजू उघडून तूबाखानम मध काढायची, आणि पुढच्या बाजूला बसवलेलं असायचं गोल झाकण. माश्यांच्या येण्याजाण्यापुरतं त्याला भोक, आणि त्यावर चित्र. प्रत्येक झाकणावर वेगळं. मासा, उंच निमुळतं सरूचं झाड, डोळे-भुवया असलेला सूर्य. शेजारशेजारच्या इतक्या घरांत माशीला आपलं दार ओळखू यावं म्हणून ही चित्रं, असं गावातले लोक म्हणत. तूबाखानमलाही त्यांचा उपयोग व्हायचा. आज माशावाल्या घरात भांडण दिसतंय, सूर्याच्या घरी पाहुणी राणी आलीय, अशा भाषेत ती माश्यांबद्दल बोलायची. निदान अप्पा तसं सांगायचे.

कारण नीलिमाचं इराण हे बरंचसं अप्पांनी सांगितलेलं इराण होतं. पुण्याला परतल्यावर पुढची तीसेक वर्षं घरी आलेल्या प्रत्येक माणसाला अप्पांनी ते ऐकवलं. बर्फात अडकलेली जीप, आणि गावच्या जमीनदाराने खेचर बाळंत होतंय म्हणून घाबरून डॉक्टरांना बोलावलं आणि ते खेचर नव्हतं, गाढव होतं, ही तर त्यांची हुकमी गोष्ट. आणि तूबाखानमच्या भिंतीची. त्या भिंतीत एका झाकणावर इवल्या इवल्या खुरांच्या ओळी होत्या. अप्पा आवाज खाली आणून सांगायचे, की पूर्वी कधीतरी एक हरिणी डोंगरातून मधाच्या वासाने खाली आली, ओल्या मातीच्या झाकणावर तिचे खूर उमटले, आणि तूबाखानमच्या आजेसासूने ते तसेच भाजून घेतले. ऐकणारे "वा!" म्हणायचे. नेमक्या त्याच वेळी आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर यायची.

आईही त्या गोष्टींत असायची, पण हसण्यापुरती. "आमच्या हिला तिकडे करमलंच नाही," अप्पा म्हणायचे. "मेतकूट संपलं त्या दिवशी रडली. चार वर्षं नुसती दारात उभी." आई त्यावर हसायची आणि चहाचं विचारायची.

अप्पा गेल्यावर आई, मधुमतीबाई, लेकीकडे सिंगापूरला आल्या. आज त्या ऐंशीच्या आहेत. पासिर रिसच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा दिवस शांतपणे जातो. सकाळी मार्केटमधून आणलेली पालेभाजी निवडायची, दुपारी खिडकीशी बसून चांगीला उतरणारी विमानं बघायची, संध्याकाळी जावयाबरोबर पार्कपर्यंत फेरी. जावई, प्रबोध, जहाजांच्या इंजिनांची तपासणी करतो. सेम्बावांगच्या यार्डात एखादं जहाज आलं, की दोन-दोन दिवस तिकडेच. तो नसला की त्या खाली लिफ्टजवळच्या बाकावर बसून येतात. शेजारणी त्यांना आंटी म्हणतात, त्या सगळ्यांकडे बघून मान हलवतात. बोलणं कमीच. नीलिमाला वाटायचं, आई आहेच तशी.

वर्गात त्या दाराचं कौतुक झालं तशी नीलिमाने आणखी दारं केली. ती एकदा भाजून झाल्यावर मिसेस लिम म्हणाल्या, "घरी ने, निवांत रंगव, मग आपण काचेचा लेप चढवून पुन्हा भट्टीत घालू." एका दुपारी नीलिमाने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि रंगाच्या बाटल्या मांडल्या. आई पलीकडच्या खुर्चीवर वाटाणे सोलत होती.

मासा झाला. सरूचं झाड झालं. मग नीलिमाने तिचं लाडकं दार घेतलं. मधल्या जागेपासून भोकापर्यंत, पाकळ्यांसारख्या दोन-दोन ठिपक्यांच्या ओळी. तीन ओळी काढून ती जरा मागे झाली आणि मान वाकडी करून बघू लागली.

"उलटी काढलीस," आई म्हणाली.

"काय?"

"पावलं. आत येणारी काढायची असतात गं. तुझी निघाली बाहेर."

"आई, हरणाची आहेत ती. आली काय नि गेली काय."

"हरणाची कुठली! गोपद्मं आहेत, गाईची पावलं." आईने वाटाण्याची शेंग ठेवली, पदराला हात पुसले आणि बोटाने टेबलावर दाखवलं. "टोक असं भोकाकडे हवं. आमच्याकडे दाराकडे तोंड करूनच काढतात. मी तशीच काढली होती."

नीलिमाने ब्रश खाली ठेवला. "तू काढली होतीस?"

"मग कोण काढणार? तूबाबाईला गोपद्मं कुठून यायला?"

खरं तर नीलिमाला आधी हसूच आलं. आईचं वय झालं, गोंधळ होतोय, असं तिला वाटलं. पण मधुमतीबाई काही गोंधळलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी राहिलेल्या वाटाण्यांचं ताट बाजूला सरकवलं आणि मधल्या पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते अगदी साध्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

त्या मूळच्या वाईच्या. माहेरी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायचं काम त्यांच्याकडे असायचं; शंख, चक्र, झोपाळ्यातली गौर, तुळस, हत्ती, सगळं. इराणमध्ये पहिला हिवाळा त्यांनी कसाबसा काढला. नवरा दिवसभर दवाखान्यात, मुलगी शाळेत, आणि बोलायला कुणी नाही. बाजार, दरवाजा, कागद, बाग असे पाच-सहा शब्द तेवढे दोन्हीकडे सारखे निघाले आणि त्यांच्यावर त्यांनी संसार चालवला. मग बर्फ वितळलं. आपला पाडवा आणि तिकडच्या लोकांचं नवं वर्ष अगदी लागून आलं. रांगोळी नव्हती. भिंतीला लावायचा पांढरा चुना पडला होता, तो चाळून घेऊन मधुमतीबाईंनी घरापुढच्या झाडलेल्या मातीवर चैत्रांगण काढलं.

"मी खाली बसलेली, आणि पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बघते तर तूबाबाई. अंगाभोवती ती काळी चादर. चादरीला त्यांच्यात चादरच म्हणतात, त्याचं मला भारी वाटायचं. मला वाटलं, आता ही रागावणार, दारात हे काय लिहिलंय म्हणून. पण कुठलं काय! सगळं चित्र फिरून बघितलं, एकदाही पाय पडू दिला नाही. मग माझा हात धरून मला तिच्या बागेत घेऊन गेली."

भिंतीतली बरीच झाकणं कोरी होती. जुनी, चित्रांची, तूबाखानमच्या आईने रंगवलेली. थंडीत दरवर्षी काही तडकायची आणि तूबाखानम कुंभाराकडून नवी आणून तशीच बसवायची. तिला स्वतःला चित्र येत नव्हतं. तिने कोपऱ्यातून एक कच्चं झाकण उचलून मधुमतीबाईंच्या मांडीवर ठेवलं, पांढरी माती कालवलेला वाडगा पुढे सरकवला आणि बोळक्या तोंडाने हसली.

"मग मी रोज दुपारी जायला लागले," मधुमतीबाई म्हणाल्या. "तू शाळेतून यायच्या आत परत."

नीलिमाने विचारलं, "आणि तो मनोरा? वर झाड असलेला? तोही माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"मनोरा कसला, तुळशीवृंदावन."

"पाळण्यातली राणी?"

"गौर. ते बरं जमलं नव्हतं. पाळण्याच्या साखळ्या वाकड्या झाल्या होत्या."

"आणि मासा? सूर्य?"

"ते तिच्या आईचे. फार सुरेख हात होता त्या बाईचा. सूर्याच्या भुवया बघून मी किती दिवस तशा काढायचा प्रयत्न केला. जमल्या नाहीत."

नीलिमा उठून खिडकीशी गेली. खाली शाळेच्या मुलांची रांग बसमध्ये चढत होती. तिला काय वाटतंय ते तिचं तिलाच नीट कळेना. आयुष्यभर तिने ती भिंत मनात जपली होती. पुण्याच्या शाळेत मुली आजोळच्या आंब्याच्या गोष्टी सांगत, तेव्हा ही भिंतीची सांगायची. मुंबईत, मग सिंगापुरात, घरं बदलली, तरी आपलं खरं घर कुठेतरी त्या डोंगरात आहे असं तिला मनातून वाटत आलं होतं. आणि त्या परक्या, दूरच्या देशाच्या ज्या खुणा तिने इतक्या जपल्या, त्यांतल्या निम्म्या वाईच्या अंगणातल्या निघाल्या होत्या. क्षणभर तिला कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की आपण शाळेत पाढे म्हणत होतो तेव्हा आई तिथे बसली होती, मांडीवर ओलं झाकण घेऊन, आणि आपण हिला सगळा वेळ दारात उभी समजत आलो.

"अप्पांना माहीत नव्हतं?" तिने वळून विचारलं.

"सांगितलं होतं की. ते म्हणाले, वा वा. दवाखान्यात त्या वर्षी गोवराची साथ होती, त्यांचं कशात लक्ष नव्हतं. पुढे विसरले."

"आणि हरिणीची गोष्ट?"

"ती त्यांना पुण्याला आल्यावर सुचली." आई हसली. "चांगली होती गं. लोकांना आवडायची."

"तू एकदाही बोलली नाहीस, आई."

"ते इतके रंगून सांगायचे. मधेच कशाला बोलायचं?" मधुमतीबाईंनी पुन्हा शेंग हातात घेतली. ती सोलत म्हणाल्या, "आणि तू कधी मला विचारलं नाहीस. त्यांनाच विचारायचीस."

हे खरंच होतं. तिने ओला कपडा घेऊन तीनही ओळी पुसल्या. झाकण आणि ब्रश आईपुढे ठेवला.

"छे, माझा हात हलतो आता."

"हलू दे."

मधुमतीबाईंचा हात खरोखर हलत होता. पहिलं पाऊल पसरट झालं, दुसरं पहिल्यावर चढलं. त्यांनी ते पुसायला लावलं. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि एक ओळ काढली. संध्याकाळी प्रबोध आला तेव्हा टेबलावर वाटाणे तसेच होते, स्वयंपाकाचा पत्ता नव्हता, आणि सासूबाईंच्या नाकाला निळा रंग लागला होता. त्याने काही न विचारता हॉकर सेंटरवरून जेवण आणलं.

त्या आठवड्यात नीलिमाने आईला रोज काही ना काही विचारलं. तिकडून निघाल्याचंही विचारलं. राजवटीविरुद्ध मोर्चे सुरू झाले, परदेशी माणसं परतायला लागली, आणि ऐन थंडीत एका सकाळी जीप दारात आली. नीलिमाच्या आठवणीत जीपच्या मागच्या काचेतून ती रंगीत भिंत लहान लहान होत गेलेली होती.

"नाही गं," आई म्हणाली. "थंडीत ती सगळी भिंत भुसा घातलेल्या चिखलाने लिंपून टाकायची. माश्यांना ऊब राहावी म्हणून. भोकं तेवढी उघडी. आपण निघालो तेव्हा एकसुद्धा चित्र दिसत नव्हतं."

"तूबाखानम आली होती?"

"आली होती ना. मला म्हणाली, मदूखानम, बहार. खानम म्हणजे बाई, बहार म्हणजे वसंत. वसंतात ये, म्हणजे लेप काढू, असं असणार. मी हो म्हटलं." आईने चष्मा काढून पुसला. "दुसरं काय म्हणणार?"

पुढच्या शनिवारी नीलिमा आईला वर्गात घेऊन गेली. मधुमतीबाईंनी खास ठेवणीतली साडी नेसली होती, त्यावर मिसेस लिमनी एप्रन बांधला. भट्टीतून दारं बाहेर आली होती. सगळं काही मनासारखं झालं नव्हतं. सरूच्या झाडाला आडवी चीर गेली होती, आणि निळ्या रंगाची काच वितळून माशाच्या डोळ्यावर ओघळली होती. गोपद्मांचं दार मात्र धड होतं. ओळी वेड्यावाकड्या, पण सगळी पावलं आत येणारी.

"हे तुझ्या आईने केलं?" मिसेस लिमनी विचारलं. "मग यांना विचार, माश्या खरंच चित्र ओळखतात का?"

नीलिमाने मराठीतून विचारलं. मधुमतीबाई विचारात पडल्या.

"ते माश्यांनाच माहीत," त्या म्हणाल्या. "पण एकदा काय झालं, सांगते. एका वसंतात मोहोळ उठलं." आणि मग, ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या गोष्टी संपताना पोहे आणले, तिने समोरच्या परक्या बायकांकडे बघत मराठीतूनच सांगायला सुरुवात केली. नीलिमा मागोमाग इंग्रजीतून सांगत राहिली.

"सूर्याच्या घरातून सगळ्या माश्या बाहेर पडल्या. आभाळात नुसता घोंगावणारा ढग. तूबाबाई घरातून तांब्याची परात घेऊन धावली, एक माझ्या हातात दिली. परात वाजवली की माश्या खाली उतरतात म्हणे. ती पुढे, मी मागे. ती त्या चादरीत, मी साडी खोचलेली. दोघी पराती बडवत पाट ओलांडून शेतातून पळतोय. दवाखान्याबाहेरचे पेशंट उठून बघायला लागले. ह्यांनी खिडकीतून डोकं काढलं, नि मला ओळखल्यावर पटकन आत घेतलं."

नीलिमा सांगता सांगता थांबली. हे तिने कधीच ऐकलं नव्हतं. तिला हसू आवरेना. समोरची जाडजूड मिसेस गोह मातीचे हात तसेच वर धरून म्हणाली, "मग? मग काय झालं?"

"मग त्या एका झाडाच्या फांदीला जाऊन लटकल्या. हा एवढा घोस." मधुमतीबाईंनी दोन्ही हात पसरून दाखवले. "तूबाबाईने खाली रिकामं नळकांडं धरलं आणि मला खूण केली, फांदी हलव. मी म्हटलं, मी नाही बाई. ती म्हणाली, मदूखानम! असा आवाज लावला, की मी डोळे मिटून फांदी गदागदा हलवली. धपकन सगळ्या आत पडल्या."

"चावल्या नाहीत?" मिसेस लिमनी विचारलं.

"एक चावली. इथे." त्यांनी कानाची पाळी धरून दाखवली. "मग तूबाबाईने झाकण आणलं. तुळशीचं. तिने नळकांडं धरलं आणि मी झाकण बसवलं, कडेने ओली माती लावली. आत इतका आवाज चालला होता, की माझे तळहात थरथरत होते. आम्ही दोघी तिथेच गवतात बसलो आणि हसत सुटलो. किती वेळ कोण जाणे. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नव्हती येत, आणि हसणं काही थांबेना."

त्या आताही हसत होत्या, एप्रनच्या टोकाने डोळे पुसत. मिसेस गोहने त्यांच्यापुढे मातीचा एक गोळा सरकवला, आणि मधुमतीबाई पदर खोचून तो मळायला लागल्या.